माझी सवत रत्नम् ड्रायव्हर

३ जुलै १९५७, बुधवार
हे आज घरी आले. चाळीस दिवस दवाखान्यात होते. गालांवर मांस चढलंय, कॉफीचा पेला धरताना हात आता थरथरत नाही. दारूबंदी आल्यापासून दारूऐवजी औषधी सुंठीचं टिंक्चर पिऊन जगलेला हा माणूस मला म्हणतो, "साखर कमी घाल."
सतरा वर्षं मी रडले, भांडले, विठोबाला नवस बोलले. एक थेंब कमी झाला नाही. डॉक्टरांनी चाळीस दिवसांत सोडवली. आनंद व्हायला हवा. झालाही. पण...

४ जुलै, गुरुवार
रोज सकाळी एक पांढरी गोळी. ती अंगात असताना दारूचा घोट गेला तर तोंड लाल, छातीत धडधड, ओकाऱ्या. डॉ.चा नियम असा की गोळी कुणासमोर तरी घ्यायची, आणि तो माणूस रोग्यानं निवडायचा. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ह्यांनी चपला घातल्या नि निघाले रत्नम्कडे! हा बसचा ड्रायव्हर, दवाखान्यात ह्यांच्या शेजारच्या खाटेवर होता.
"मी काय मेले आहे?"
"तुझ्यासमोर घेतली की उद्या साप्ताहिकात छापून येईल असं वाटतं, कमळा."
माझ्या विनोदी लेखांतले सगळे दारुडे ह्यांच्याच मापाचे शिवलेले, हे खरं. म्हणून काय झालं?
दुसरी बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. ह्या सवतीला टक्कल आहे.

१२ जुलै, शुक्र.
काल डॉ.कडे गुरुवारची बैठक. दारू सुटलेली माणसं गोल बसून एकमेकांना खरं सांगतात म्हणे. हे डोळे सुजवून आले. मला सांगितलं काय, तर "खायला चण्याचं सुंडल छान होतं."
आज मंडईत रत्नम्ची बायको भेटली. "तुमची पाप्पा, तान्ही पोर, गेली त्या रात्री तुमचे यजमान पहिल्यांदा प्याले म्हणे. पावम्, बिचारे. माझा नवरा सांगताना रडला हो, अक्का."
आमची अकरा दिवसांची मुलगी. तिचं नाव ह्यांनी सतरा वर्षांत माझ्यापुढं काढलं नाही. काढलं ते बैठकीतल्या ड्रायव्हर, न्हावी नि दोन कारकुनांपुढं. ती माझीही होती.

१६ जुलै, मंगळ.
ह्यांना खोकला. म्हटलं, औषध मलाही देता येतं. वैद्यांचं दशमूलारिष्ट, चार चमचे, वर आणखी दोन. काही न विचारता घेतलं. पाव तासात तोंड तांबडंलाल, धाप, घमेलंभर ओकारी.
मी ओरडले, "प्यालात!"
"नाही गं. शपथ."
शेजारपाजार गोळा झाला. मी कपाळ बडवलं. आत मात्र... लिहूनच टाकते. बरं वाटलं. रत्नम्ची विद्या हरली म्हणून बरं वाटलं. नवरा जमिनीवर तडफडत होता तेव्हा.

१७ जुलै, बुध.
सकाळी गोळीला गेले नाहीत म्हणून रत्नम् स्वतः आला. खाकी कपडे, पायरीखालीच उभा.
"अक्का, काल पोटात काय काय गेलं?"
पोलीस बरा. बाटली दाखवली. त्यानं बूच काढून हुंगलं.
"अरिष्ट मुरवतात ना, अक्का. मुरलं की त्यात दारू उतरते. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात."
"मग ह्यांनी का घेतलं?"
"तुम्ही दिलंत म्हणून."
आतून हे म्हणाले, "तिला हे कुणी सांगितलंय? तिचा दोष नाही." मी मागायच्या आत क्षमा करून मोकळे. ह्यांना कुणी शिकवलं हे?
रत्नम् हसला नाही. हसला असता तर सोपं गेलं असतं.

१८ जुलै, गुरु.
डॉ.चा निरोप : आज घरच्यांनीही बैठकीला यावं.
हे म्हणाले, "येतेस? नाही आलीस तरी..."
बाटलीची गोष्ट मी रंगवून सांगेन, हशा पिकेल. ते मला येतं. पण तिथं खरं सांगायचं असतं, आणि मला बरं वाटलं हे कुणालाच ठाऊक नाही. सांगितलं तर हे माझ्या हातचं पाणी तरी घेतील का? नाही सांगितलं तर त्या गोलात खोटं बोलणारी मी एकटीच.
घोड्याचा जटका दारात आलाय. रत्नम् पुढं, गाडीवानाशेजारी बसलाय. मागं ह्यांच्या शेजारची जागा रिकामी. हे हाक मारताहेत. लुगडं बदलून झालंय, अजून उंबरा ओलांडायचा राहिलाय.