सुभद्रामावशींचा पत्ता

३ फेब्रुवारी
चिंचपोकळीला चाळीतली खोली मिळाली! नऊ वर्षं स्वतःच्या हिमतीवर माहितीपट काढतोय, पण ज्यांच्यावर काढायचा त्यांच्या शेजारी राहायची ही पहिलीच वेळ. विषय आहे गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका. शेजारच्या सुभद्रामावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. एकेकाळी चाळीस पानं वाढायच्या, म्हणतात. पलीकडच्या रखमाबाई त्यांना रोज सकाळी पेज आणून देतात. रखमाबाईंचा नवरा कुशाबा गिरणी संपाच्या वर्षी नाहीसा झाला, तो परत आलाच नाही. मला आल्याआल्या बांगड्याचं तिखलं मिळालं. माणसं लाख आहेत.

९ फेब्रुवारी
मुलाखत झाली. कॅमेरा बंद केला, पण मावशींच्या पदराला लावलेला माइक चालू राहिला. विसरलो असं लिहिणार होतो, पण रोजनिशीत तरी खोटं कशाला. लाल दिवा मला दिसत होता.
मावशी म्हणाल्या, "मियाच सांगलंय त्यांका. कुशाबा माझ्या माळ्यार लपलो आसा म्हणान."
संपात पुढे असलेल्या कुशाबाला शोधत गिरणीमालकाची माणसं आली होती. मारलं नाही, नुसतं विचारलं, आणि मावशी घाबरल्या. रखमाबाईंना हे अजून माहीत नाही. त्यांच्या हातची पेज रोज घशात अडकते म्हणाल्या.
"ह्या तुझ्यातच ठेव हां, झिला."
मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

२ मार्च
शेण खाल्लं. मावशींच्या कबुलीचा तो तुकडा फिल्ममध्ये घातला. त्याच्याशिवाय फिल्म म्हणजे नुसता माशाचा रस्सा होता. महोत्सवात निवडसुद्धा झाली, नेमकी त्याच तुकड्यासाठी. पत्र वाचून मी खोलीत नाचलो. भिंतीपलीकडे मावशी भांडी घासत होत्या.

६ मार्च
त्या तुकड्याच्या शेवटी एक आवाज येतो. आधी नव्हता. कुणीतरी ताट पुढे ओढतं आणि जेवू लागतं. सावकाश, भुकेल्या माणसासारखं.
मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. त्यातही आहे.

८ मार्च
भर दुपारी हेडफोन काढून ठेवले. आवाज थांबला नाही. जेवता जेवता माणूस बोलला, "सुभद्रा खंय आसा?"
तुकडा पुसून टाकला. तरी विचारतोय, सुभद्रा कुठे आहे.

९ मार्च
मावशींना सगळं कबूल केलं. मान वर होत नव्हती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, दोन दिवस त्यांच्या माळ्यावरही ताट वाजतंय, तोच प्रश्न येतोय; त्या ओ देत नाहीत, म्हणून अजून सापडल्या नाहीत. कुशाबाच आहे.
पिशवी भरून त्या भाचीकडे निघाल्या. रखमाबाईंना गावी गेले म्हणून सांग, म्हणाल्या. पत्ता फक्त मला दिला. अजूनही मलाच.

१० मार्च
रखमाबाई पेज घेऊन आल्या. मी खोटं बोललो. तांब्या माझ्याकडे ठेवून गेल्या. — पुन्हा तोच प्रश्न. आता लॅपटॉपमधून नाही. माझ्या माळ्यावरून.
फिल्म दाखवू नका म्हणून महोत्सवाला कळवायला हवं. कळवलं नाही. अजूनही नाही —

११ मार्च, सकाळ
त्याने मारलं नाही. ओरडला नाही. नुसतं विचारलं.
आणि मी — रे रोड, लाकडाच्या वखारीमागे, दुसरा मजला — भाचीचं नावसुद्धा —
मागितलं नव्हतं तेही सांगितलं.
ताट सरकवलं. पावलं जिना उतरून गेली. मला किती हलकं वाटलं, देवा, किती —
फोन वाजतोय. मावशी. तिसऱ्यांदा.
उचलून काय सांगू, की मीच त्याला