गाडी रुळावर

४ जानेवारी
नववर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा लिहितो आहे. घाईघाईत केलेले संकल्प टिकत नाहीत, हा माझा अनुभव. यंदा आपल्या फुटबॉल टीमची एकही मॅच चुकवायची नाही. स्कूलसाठी दुसरी गाडी घ्यायची. आणि रोज सकाळी चालायला जायचं, अर्थात रस्ता दुरुस्त झाल्यावर.

सध्या रस्ता नाही. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलसमोर महापालिकेने हा एवढा चर खणला आहे. 'नवं शहर' नावाची योजना. कोपऱ्यावर मोठा बोर्ड लावलाय. त्यावरच्या चित्रात ट्रॅम, झाडं, बाकडी, बाकड्यांवर हसणारी माणसं. मोटार एकही नाही. आमच्या स्कूलच्या जागी एक कुंडी दाखवली आहे. चित्रकाराची चूक असणार. उद्या कळवतो.

११ जानेवारी
कळवलं. साहेब जेवायला गेले होते. मेव्हणा महापालिकेतच आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, भाऊजी, चित्र बरोबर आहे. मी हसलो. तो पाणीखात्यात आहे, त्याला चित्रातलं काय कळतं?

ही ट्रॅम काही होत नाही. लोकांना मोटार हवी असते. माणूस रुळावरून सरळ जायला जन्माला आलेला नाही.

१९ जानेवारी
तेलाची जहाजं कुठेशी अडकलीत म्हणे. पंपावर रांग. भल्या सकाळी गाडी लावली. इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद-चालू करण्यात जास्त पेट्रोल जातं, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. माझा नंबर आला आणि पंपवाल्याने साखळी लावली. परत येताना शेवटच्या चढावर गाडी ढकलावी लागली. ढकलणाऱ्यांना मी आतून सूचना देत होतो.

एक-दोन आठवड्यांत सगळं सुरळीत होईल.

२ फेब्रुवारी
सुरळीत झालेलं नाही. पण अडचणीतच माणसाचं डोकं चालतं. आजपासून स्कूलमध्ये नवी पद्धत: स्टॅटिक मेथड. गाडी दाराशी उभी, इंजिन बंद. विद्यार्थी आत बसून क्लच, गिअर, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दिवे यांचा सराव करतो. इंजिनाचा आवाज मी तोंडाने काढतो. पेट्रोल शून्य.

पहिली विद्यार्थिनी नर्सबाई. मोठ्या हॉस्पिटलात असतात. अर्धा तास वायपर छान चालवले. जाताना विचारलं, सर, गाडी हलणार कधी? मी म्हटलं, बाई, हलणं हा ड्रायव्हिंगचा फार छोटा भाग आहे. त्या विचारात पडल्या.

ही आतून सगळं ऐकत होती. ही म्हणजे आमची सौ.; स्कूलचा फोन, पावत्या, चहा सगळं तीच बघते. काही बोलली नाही. प्रभावित झाली असावी.

९ फेब्रुवारी
मॅच हरलो. आमच्या गोलकीपरला सगळे 'या-बसा' म्हणतात, कारण आलेल्या बॉलला तो कधी परत पाठवत नाही. पण आजचं दुःख वेगळं. जुन्या मैदानावरची ही शेवटची मॅच होती. तिथे ट्रॅमचा डेपो होणार. नदीपलीकडे नवं स्टेडियम बांधलंय, आणि तिथे जायला काय, तर ट्रॅम!

मी समर्थक मंडळाचा अध्यक्ष. मॅचनंतर गेटवरच्या खुर्चीवर उभा राहिलो आणि जाहीर केलं की आपली निष्ठा मातीशी आहे, ट्रॅमने जाऊन कोणी मॅच बघणार नाही. टाळ्या कडाडल्या. मग मंडळातल्या लाँड्रीवाल्याने विचारलं, मग मॅच बघायची कशी? त्याला म्हटलं, हा तपशील पुढच्या सभेत घेऊ.

ट्रॅममध्ये पाऊल ठेवणार नाही. लिहून ठेवतो.

२३ फेब्रुवारी
रात्री जेवताना ही म्हणाली, ट्रॅमच्या ड्रायव्हरची भरती आहे, मी फॉर्म भरलाय. मी म्हटलं, छान. मला वाटलं गंमत करते आहे. मग म्हणाली, निवड झाली, सोमवारपासून ट्रेनिंग. कन्या उठून तिच्या गळ्यातच पडली. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. मेव्हण्यालाही असणार. घरात मी सोडून सगळ्यांना.

लग्नानंतर मीच हिला गाडी शिकवायला घेतली होती. दोन दिवसांत हात टेकले. प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारायची. क्लच का? न्यूट्रल का? अशाने माणूस ड्रायव्हर होतो का?

मी शांतपणे समजावलं की ट्रॅमला स्टिअरिंगच नसतं, ते ड्रायव्हिंगच नव्हे. ही म्हणाली, हो ना, म्हणूनच म्हटलं जमेल. यात टोमणा होता की नव्हता, ठरवता आलं नाही.

आठ दिवसांत परत येईल. तोवर स्कूलचा फोन मी घेईन.

६ मार्च
परत आलेली नाही. पहाटे जाते. सकाळचा चहा मी करतो. साखर कुठल्या डब्यात हे सापडलं. फोन आज दोनदा वाजला. दोन्ही हिच्यासाठी.

१५ मार्च
हिला युनिफॉर्म मिळाला. गडद निळा. मी म्हटलं, तुला निळा शोभत नाही. खरं म्हणजे शोभतो.

संध्याकाळी खुर्चीतच झोपली होती, पायात बूट तसेच. उठवावं की काढावेत, कळेना. खूप वेळ तसाच उभा राहिलो. मग कन्या आली आणि तिने काढले.

२८ मार्च
ट्रॅम सुरू झाली. फुगे, बँड, महापौर. मी निषेध म्हणून स्कूलचं शटर अर्धं ओढून आत बसलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. गर्दीत एकाने शटरला सायकल टेकवली.

आमच्या दारावरून पहिली ट्रॅम गेली, तेव्हा आत ही होती. शटरच्या खालून मला फक्त चाकं दिसली.

नर्सबाई आल्या होत्या. शिकवणी थांबवायची म्हणाल्या. ट्रॅम थेट हॉस्पिटलच्या दाराशी थांबते. आणि जरा घुटमळून म्हणाल्या, सर, तुमची तब्येत जपा. मी म्हटलं, उन्हाळ्यानंतर पुन्हा सुरू करू. शेवटच्या विद्यार्थिनी होत्या, पण शेवटच्या म्हणायचं नाही. सध्याच्या शेवटच्या.

७ एप्रिल
मंडळाची सभा. लाँड्रीवाल्याचा ठराव: सगळ्यांनी ट्रॅमने नव्या स्टेडियमवर जायचं, आणि वहिनींची ड्यूटी असेल ती ट्रॅम आपली. वहिनी म्हणजे ही. वर ट्रॅमला टीमचा मफलर बांधायचा! मला गहिवरून वगैरे आलं नाही, राग आला. मी अध्यक्षपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला.

माझा अंदाज असा की लोक हवालदिल होतील, हातापाया पडतील, मी रात्रभर विचार करायला वेळ मागीन. राजीनामा आवाजी मतदानाने मंजूर झाला. लगेच पुढचा विषय आला: चहा आत्ता घ्यायचा की नंतर.

आत्ता घ्यायचा ठरलं. मीही घेतला.

२० एप्रिल
नव्या स्टेडियमवर दोन मॅच झाल्या, दोन्ही मी घरी रेडिओवर ऐकल्या. चुकवल्या असं म्हणता येणार नाही, ऐकल्या. एक बरोबरी, एक हार. टीम तळाला आहे. माझ्याशिवाय काय होतं ते दिसतंच आहे.

ही मॅचनंतरच्या ट्रॅमबद्दल सांगत होती. हरलेली माणसं एका शब्दाने बोलत नाहीत, काचेला डोकं टेकून बसतात, म्हणाली. कोणीतरी हुंदके देत होतं. मी विचारलं, कोण? म्हणाली, ते नाही सांगणार, ड्यूटीवरची गोष्ट. मग मला विचारलं, अहो, तुम्ही का येत नाही? मी म्हटलं, तत्त्व. ती म्हणाली, बरं. इतक्या हळू म्हणाली की भांडताही येईना.

३ मे
आर-पारची मॅच येत्या रविवारी. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये. मी जाणार आहे. माझ्या गाडीने. जानेवारीअखेर रांगेत एकदा मिळालेलं पेट्रोल स्टॅटिक मेथडमुळे टाकीत जसंच्या तसं आहे. साऱ्या शहरात पेट्रोलसाठी लोक कासावीस आणि माझा काटा अर्ध्याच्या वर! दूरदृष्टी म्हणतात ती हीच. गेटवर गाडीतून उतरीन. सगळे ट्रॅमच्या गर्दीतून घामाघूम होऊन येतील आणि मला बघतील. अध्यक्षपद परत देऊ केलं, तर आधी नाही म्हणायचं.

१० मे, सकाळ
गाडी सुरू झाली नाही. दोन महिने वायपर, दिवे आणि हॉर्न यांचाच अभ्यास चालला होता, त्यात बॅटरीने मान टाकली. किरकोळ बाब. शेजाऱ्यांनी ढकलली, उतारावर सुरू झाली. आता वाटेत इंजिन बंद पडू द्यायचं नाही, एवढंच. वीस वर्षं लोकांना हेच शिकवतो आहे.

१० मे, रात्र
लिहू नये असं वाटतं. पण थोडक्यात लिहितो.

मोटारींना सगळे रस्ते बंद. एकच वाट उघडी, तीही बाजारातून, रूळ ओलांडून. नेमकं रुळावर वळताना इंजिन बंद पडलं. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मग घंटा ऐकू आली.

ट्रॅम हातभर अंतरावर थांबली. समोरच्या काचेत ही. तोंड पांढरंफटक. मागे ट्रॅम खच्चून भरलेली, काचेला नाकं लावलेली सगळी मंडळी, पुढे टीमचा मफलर.

मंडळी उतरली. कोणी शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाँड्रीवाला म्हणाला, अध्यक्ष, तुम्ही आतच बसा, आम्ही ढकलतो. सवयीने अध्यक्ष म्हणाला. सगळ्यांनी खांदे लावले. गाडी हलेना. आणखी माणसं आली. हलेना. मी आतून सूचना देत होतो. कोणी म्हणे रूळ अडकलाय, कोणी म्हणे चाक. वेळ चालला होता, स्टेडियममधल्या शिट्ट्या नदीपलीकडून ऐकू यायला लागल्या.

मग ही खाली उतरली. गर्दीतून वाट काढत माझ्या खिडकीशी आली. हात आत घातला आणि हँडब्रेक सोडला.

गाडी घरंगळत बाजूला गेली. कोणी हसलं नाही. मी म्हटलं, घाईत ओढलेला राहिला. ती म्हणाली, लागलं नाही ना तुम्हाला? आणि मग, येताय का? आत थोडी जागा आहे.

मी म्हटलं, गाडीजवळ कोणीतरी थांबायला हवं.

मागून कोणीतरी ओरडलं, वहिनी, चला. ती गेली.

मंडळी पोचली तेव्हा हाफ टाइम झाला होता आणि आपण एक गोलने पुढे होतो. मंडळी ओरडायला लागली आणि आपण दोन खाल्ले. टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. लाँड्रीवाल्याचं म्हणणं, हे हिच्याकडून कळलं, सुरुवातीपासून तिथे असतो तर जिंकलो असतो. माझं म्हणणं, मंडळी अजिबात गेली नसती तर जिंकलो असतो. पण हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी आलंही नव्हतं.

ही घरी आली. ट्रॅम उशिरा नेल्याबद्दल तिलाच लेखी खुलासा द्यायचा होता. मी विचारलं, माझं नाव घातलंस का? म्हणाली, एक मोटार बंद पडली होती, एवढंच लिहिलं.

१३ मे
गाडी तिथेच आहे, बाजारात, नव्या बाकड्याशेजारी. पोरं बॉनेटवर बसतात. हलवायला हवी.

१४ मे
हलवणार आहे.

२१ मे
मेकॅनिक म्हणाला, मी काही तिकडे येत नाही, बॅटरी काढून आणा. त्याचं गॅरेज नदीपलीकडे, पूल संपला की पहिलाच स्टॉप. बॅटरी दोन्ही हातांनी धरूनही चार पावलांपलीकडे नेववेना. म्हणून कामापुरता ट्रॅममध्ये चढलो. बॅटरीसाठी. तत्त्व तिथेच आहे.

आत गर्दी. मी बॅटरी छातीशी धरून डुलत होतो. एक बाई उठल्या. माझ्याहून वयाने मोठ्या असाव्यात, निदान बरोबरीच्या तरी. म्हणाल्या, बसा आजोबा.

आजूबाजूला कोणी आजोबा आहेत का, ते आधी बघितलं. मग बसलो.

मांडीवर बॅटरी. समोर काचेपलीकडे हिची पाठ. मी आत आहे हे तिला ठाऊक नव्हतं. प्रत्येक वळणाआधी ती जरा पुढे झुकायची आणि वळण संपलं की परत ताठ व्हायची. घंटा अगदी बेताने वाजवत होती, कोणी दचकू नये इतपत. घरात पंचवीस वर्षं मी तिला पाठमोरी बघितली आहे, ओट्याशी, फोनशी, पण अशी नाही. पूल गेला. माझा स्टॉप कधी गेला, कळलं नाही.

शेवटी ट्रॅम थांबली. स्टेडियम, बाहेर चिटपाखरू नाही. सगळे उतरून गेले. हिने केबिनचं दार उघडलं, मागे बघितलं, मला बघितलं, बॅटरी बघितली. मग म्हणाली, अहो, हा शेवटचा स्टॉप आहे. इथे सगळ्यांना उतरावं लागतं.

उतरलो.