त्रिएस्तचा शर्ट आणि मिरच्यांचा धूर

२९ ऑगस्ट, सकाळी

मुलगी झाली. तीन किलो दोनशे. नेवेना ठीक आहे. नाव दुन्या ठेवायचं. हे झालं आनंदाचं. आता मुद्द्याचं.

काल हॉस्पिटलच्या दारात शेजारच्या तिहोमिरने माझा शर्ट फाडला. नव्या बापाचा शर्ट मित्रांनी फाडायचा ही रीतच आहे, म्हणून तर शहाणा माणूस निघताना जुनाट शर्ट अडकवतो. मी बाबांचा घातला होता. शुभ म्हणून. बाबांनी ७८ साली त्रिएस्तला जाऊन आणलेला, इटालियन, निळ्या रेघांचा. बाबा जाऊन चार वर्षं झाली, त्यांची तेवढीच एक वस्तू माझ्या अंगाला बसते. मी ओरडत होतो, "अरे हा नको, हा नको!" गाढवाला वाटलं, मी खुशीत ओरडतोय. कॉलरपासून खालपर्यंत एका झटक्यात! बटणं नर्सच्या पायाखाली.

वर काचेतून पोरीकडे बघून म्हणतो, "थू थू थू! काय कुरूप पोर आहे!" नजर लागू नये म्हणून असंच म्हणतात, मान्य. पण तो फार मनापासून म्हणाला.

तिहोमिरची बायको झोरित्सा सातव्या महिन्यात आहे. नोव्हेंबरात बाळंत होईल. मला घाई नाही.

३० ऑगस्ट

बेत पक्का. तिहोमिरकडे धड शर्ट एकच. लग्नातला, पांढरा, त्याच्या आईने कॉलरवर लाल कशिदा काढलेला. तो फाडायचा. त्या दिवशी तो त्याच्या अंगावर कसा आणायचा, ते नंतर बघू. नेवेनाची कात्री माझ्या कोटाच्या खिशात ठेवली आहे. शिवाय त्याच्या पोराला मी असं कुरूप म्हणेन ना, की सात पिढ्या लक्षात ठेवतील.

६ सप्टेंबर

दोघी घरी आल्या. संध्याकाळी टीव्हीवर कपड्यांच्या पावडरची जाहिरात. मुलगा चिखलात पडतो, आई हसते. एवढंच. माझ्या डोळ्यांतून धारा! मिरच्यांचा धूर, दुसरं काय? सगळं लेस्कोवात्स गाव सध्या अंगणाअंगणात आयवारच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजतंय. नेवेना म्हणाली, खिडकी तर बंद आहे. फटीतून येतो म्हटलं. आमच्या घराण्यात पुरुष रडत नाहीत. बाबांना मी एकदाही रडताना बघितलं नाही.

१२ सप्टेंबर

आज ऑफिसात. ड्रायव्हिंगच्या परीक्षा. मला तिथे मागे 'खाटीक' म्हणतात, आणि मला ते आवडतं. दहा वर्षांत एका दिवसात तीनच्या वर पास केले नाहीत.

आज आठच्या आठ पास. त्यातल्या एकाने रिव्हर्समध्ये खांब पाडला. पण तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, आई बाहेर बाकावर बसलीय हो." पापण्या थेट दुन्यासारख्या. खांब चुकीच्या जागी उभा केलेला आहे, असा शेरा लिहिला. माझ्या मोठ्या साहेबांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? उद्यापासून कडक.

१३ सप्टेंबर

सहा पास. उरलेले दोघे आलेच नव्हते.

२० सप्टेंबर

कुंपणाशी तिहोमिर भेटला. मिरच्यांची पोती उतरवत होता.

"काय रे बुदिमिर, डोळे लाल का?"

"तुझ्या मिरच्यांचा धूर, अजून काय!"

"अरे, अजून चूल पेटवलीच नाही मी."

वरून हसला! हेही हिशोबात धरलंय. (खरं कारण असं, की रस्त्यात मांजरीचं एक पिल्लू मागे राहिलं होतं आणि मांजर वळून परत आली. पण ते त्याला कशाला सांगू?)

५ ऑक्टोबर

आरशासमोर सराव. "थू थू! काय कुरूप!" आवाज जमला, तोंड जमलं, तिरस्कार उत्तम. तेवढ्यात खांद्यावरच्या दुन्याने खालचा ओठ बाहेर काढला. तिला वाटलं, तिलाच म्हणतोय. पाऊण तास समजूत काढत होतो. तिची समजूत कधीच पटली होती, ती झोपलीही होती, असं नेवेना म्हणते. ह्यापुढे सराव गॅरेजमध्ये.

१८ ऑक्टोबर

आई आली. शर्ट रफू करून आणलाय. नीट बघितल्याशिवाय कळत नाही.

मी म्हटलं, "बाबांनी हा इतकी वर्षं जपला, मला एक दिवस जपता आला नाही. माझ्या जन्माच्या वेळी त्यांनी कसा अंगातून काढूनच ठेवला होता! फेब्रुवारीच्या बर्फात बनियनवर उभे राहिले, पण कुणाला फाडू दिला नाही." ही गोष्ट बाबा प्रत्येक सणाला सांगायचे.

आई म्हणाली, "फाडायला होतं कोण तिथे? एकटाच तर उभा होता माझ्या खिडकीखाली. मी तुला वरून दाखवलं, तर ह्या बाबाने शर्ट काढला, त्यात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडला. नर्ससुद्धा बघत होती."

"धूर असेल," मी म्हटलं.

"फेब्रुवारीत मिरच्या कोण भाजतं रे?"

आईची नजर पहिल्यापासून कमजोर आहे.

२७ ऑक्टोबर

मिरच्या संपल्या. सगळ्यांच्या बरण्या भरल्या. हवा स्वच्छ. आता डोळ्यांचा त्रास थांबेल.

तिहोमिरने पाळणा जोडायला बोलावलं. गेलो. शत्रूच्या घरात शिरायची संधी कोण सोडतो? लग्नाचा शर्ट कपाटात डावीकडे, तिसरा, हे बघून घेतलं. पाळण्याचे स्क्रू ढिले होते, ते घट्ट केले. दोनदा तपासले. घरी येऊन परत गेलो आणि तिसऱ्यांदा तपासले. सूड बापावर घ्यायचाय, पोराने पडायचं काही कारण नाही.

तिहोमिर हळूच म्हणाला, "बुदिमिर, खरं सांग, तुला भीती वाटली होती का रे?"

"छे! कसली भीती?" मग मान कशी धरायची, ढेकर कशी काढायची, झोपलेलं पोर श्वास घेतंय की नाही ते नाकाशी गाल नेऊन कसं बघायचं, दिवसात किती वेळा, हे तासभर दाखवलं. त्याने सगळं कागदावर लिहून घेतलं. मूर्ख आहे.

३ नोव्हेंबर, सकाळी

झोरित्साला काल दुपारीच नेलं. अजून सुटका नाही. नाळ पोराच्या गळ्याभोवती आहे म्हणतात. तिहोमिरचा फोन आला होता, नुसता कानाला धरून उभा होता.

निघतोय. बाबांचा शर्ट घातला, शुभ म्हणून. कात्री कोटात आहे. कोट घरीच ठेवला.

३ नोव्हेंबर, संध्याकाळी

मुलगा झाला. दोघंही सुखरूप.

काय झालं ते लिहून ठेवतो, नंतर लोक भलतंच सांगतील. हॉस्पिटलच्या दारात त्याचे मेहुणे, कारखान्यातले मित्र, झोरित्साची आई, सगळे जमले होते. तिहोमिर बाहेर आला. अंगावर लग्नाचा शर्ट! सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

म्हणाला, "मी फाडला तो शर्ट तुझ्या बाबांचा होता, हे मला नेवेनाने परवा सांगितलं. मला माहीत नव्हतं रे. म्हणून मुद्दाम हा घालून आलोय. तू फाड. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

सगळे ओरडायला लागले, "फाड! फाड!" दोन महिने ह्याच क्षणाची वाट बघितली होती. कॉलर दोन्ही हातांनी धरली. कशिद्याचे टाके इतके बारीक आहेत की त्याच्या आईचे डोळे गेले असतील. नववा टाका चुकलाय, तो तिने उसवून परत घातलाय, तेही दिसलं. हात हलेनात.

तेवढ्यात नर्सने काचेमागे पोर धरलं. लालबुंद, नाक चपटं, डोकं एका बाजूला दबलेलं. कुरूप म्हणायला देवाने इतकी सोय केली होती! आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, किती सुंदर आहे रे!"

सगळे गार! झोरित्साची आई "थू थू थू" करत धावली. नजर उतरवायला तीन वेळा थुंकली, त्यातलं निम्मं माझ्यावर. तिहोमिर माझ्या गळ्यात पडला. उंचीने सहा फूट आहे, सगळा भार माझ्यावर टाकला आणि शर्टात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. रफू उसवत गेलं, मला ऐकू येत होतं. मी त्याला बाजूला केलं नाही.

४ नोव्हेंबर

सूड तहकूब.

कात्री नेवेनाला परत दिली. बाबांचा शर्ट आईकडे टाकला. पुढून पूर्ण फाटलाय, एक खांदा ओला होता.

आई म्हणाली, "हा खांदा तिहोमिरचा, कळलं. पण ही दुसरी बाही कोणी भिजवली?"

म्हटलं, मी.

धुराचं विचारायला तिने तोंड उघडलं होतं, ते मिटून शर्ट मांडीवर घेतला. सुईत दोरा ओवून दे म्हणाली. मला तीन वेळा प्रयत्न करूनही ओवता आला नाही, शेवटी तिनेच ओवला.