एका दाखल्यावर दोघे भाऊ

चि. धाकट्यास थोरल्याचे अनेक आशीर्वाद. (सरकारदरबारी आपण दोघे एकाच दिवशी, एकाच दाखल्यावर जन्मलो आहोत असं परवा निघालं, तरी आशीर्वाद द्यायचा हक्क मी सोडणार नाही.) तुझी पाठ कशी आहे? सौ.च्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? आम्ही इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर हे पत्र मी फ्रिजवर कागद ठेवून उभ्याने लिहितोय, कारण बसलो की दोन ओळींत उठावंसं वाटतं. हिने दोनदा खुर्ची पुढे सरकवली, आता तिनेही नाद सोडलाय.

तुझी पुतणी राष्ट्रीय ज्युनिअर संघात निवडली गेली, ते तुला फोनवर ओरडून सांगितलंच. माझ्यासारखीच अडथळ्यांची शर्यत. (आता तू 'आयुष्य म्हणजेच अडथळ्यांची शर्यत' वगैरे लिहू नकोस. ऑफिसातल्या शिपायाने ते आधीच म्हणून घेतलंय.) पुढच्या शनिवारी यादी बंद होते, आणि त्याआधी पोरगी या देशाची नागरिक असल्याचा कागद हवा. मी तिकडच्या क्लबकडून धावत होतो तेव्हा ती तिकडे जन्मली, आई तिकडची, गोळाफेकीतली. जन्म आपल्या वकिलातीत नोंदवायचा होता, तो 'उद्या करू' म्हणता म्हणता सतरा वर्षं राहिला. दोष कुणाला देऊ? उद्या म्हणणारा मीच. तिकडच्या संघाचे मात्र फोनवर फोन चालू आहेत. पासपोर्ट आमचाच आहे, नुसतं हो म्हणा, बुटाचा नंबर कळवा! पण कार्टी ऐकेल तर शपथ. म्हणते, धावायला मी इथे शिकले, मी इथूनच धावणार.

परवा तिच्या आईला घेऊन नागरिकत्वाच्या ऑफिसात गेलो. खिडकी चार, तिथून सात, सातवरून परत चार. शेवटी चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या एका बाईंनी माझ्या जन्मदाखल्याचा नंबर संगणकात घातला आणि एकदम थांबल्या. म्हणाल्या, या दाखल्याचा माणूस शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, त्याने गेल्या वर्षी पासपोर्ट काढलाय, आणि तो आजतागायत देशाबाहेर गेलेला नाही. मग मुलगी बाहेर जन्मली कशी? एवढं बोलून त्यांनी चष्म्यावरून हिच्याकडे असं काही पाहिलं, की काय सांगू! ही पडली गोळाफेकीतली, आणि टेबलावर पेपरवेट. मी आधी तो उचलून खिशात टाकला. (अजून माझ्याकडेच आहे. परत करायला हवा.)

तर तो प्रयोगशाळेतला माणूस म्हणजे तू. तुझ्या दाखल्याचा नंबर माझ्याकडे कसा, हे तुला कधी सांगितलं नाही, आणि फोनवर सांगायची माझी छाती नाही, म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतोय. सोळा वर्षांखालच्यांची ती मोठी स्पर्धा आठवते? मला तेव्हा अठरावं लागलं होतं. मास्तर म्हणाले, सगळेच करतात. आपल्या दोघांच्या दाखल्यांवर नावाची जागा कोरी, नुसतं 'मुलगा' आणि खाली आईबाबांचं नाव. आईच्या शिलाई मशीनच्या खणातून तुझा दाखला काढला, नक्कल करून घेतली, परत ठेवला. दोन वर्षांनी लहान झालो, सुवर्णपदक मिळालं, त्यावर मोठ्या संघात गेलो, पुढे पासपोर्टही त्याच तारखेवर निघाला. मास्तरांवर ढकलता येईल, पण खण मीच उघडला होता. तेव्हा केलेलं आता अंगाशी आलंय, आणि तेही माझ्या नाही, पोरीच्या.

बाईंनी उपाय सांगितला. तू गुरुवारी समक्ष येऊन लिहून द्यायचं, की हा दाखला माझा असून भावाने तो स्वतःचा म्हणून वापरला. माझा खरा दाखला त्याच खणात असेल, तो घेऊन ये. मग मी माझा मी ठरतो, आणि माझ्या नात्याने ती इथली. मात्र जबाबाची नक्कल क्रीडा मंडळाकडे जाणार, म्हणजे पदक गेलं. जाऊ दे. जाऊ दे म्हणतोय खरा, पण सकाळपासून पोरीच्या खोलीच्या दारापर्यंत चारदा जाऊन आलो. पदक तिथे खिळ्याला टांगलंय. तू मुलखाचा भिडस्त, 'नजरचुकीने' वगैरे लिहिशील. तसं लिहू नकोस. 'फसवलं' असंच लिही.

कळावे. उत्तर लिहीत बसू नकोस, सरळ गाडीत बस.

तुझा,
दादा

ता. क. : पोरीला यातलं काही माहीत नाही. पदक पॉलिशला दिलंय असं सांगू. तूही तेच सांग.

ता. क. दुसरा : सांगायची गरज उरली नाही. माझं अक्षर कुरियरवाल्याला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता घालायला तिला बोलावलं, तर तिने उभ्याउभ्या अख्खं पत्र वाचलं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. पदक आणून माझ्यापुढे फ्रिजवर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "बाबा, त्या शर्यतीत दुसरा नंबर कुणाचा आला होता?"

मला नाव आठवेना. लाज वाटली रे. आता तिचं म्हणणं, हे पदक त्या माणसाच्या हातात पडल्याशिवाय मी सही करणार नाही, ना इथल्या अर्जावर, ना आईकडच्या. तिची आईही तिच्याच बाजूला. तेव्हा गुरुवारचं नंतर, आधी डोक्याला ताण दे. तू त्या दिवशी माझी पाण्याची बाटली धरून शेवटच्या रेषेपाशीच उभा होतास. दुसरा आलेला तो काटकुळा मुलगा, मोजा टाचेला फाटलेला. धापा टाकत माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "तू बराच मोठा वाटतोस." मी काही बोलायच्या आत तू मोठ्या अभिमानाने म्हणालास, "माझा दादा आहे तो!"

त्याने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तो बूट हातात घेऊन निघून गेला. त्याचं नाव काय होतं?