रीलचं हँडल

काय जावईबापू,

तुझा गजर मी बंद केलाय. झोप निवांत. आज तळ्यावर मासे पकडायला बाबांबरोबर मी जातेय.

बाबांनी माझ्या गळाची जुनी रील तुला दिली, ती काल साफ करायला घेतली. सगळी खोलून, जुनं ग्रीस पुसून नवं लावलं. तू तिच्यात स्वयंपाकघरातलं तेल ओतलंस आणि बाबा नुसते हसले म्हणे! मी सातवीत असताना दोरीवर एक थेंब सांडला, तर माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

तेही चालवून घेतलं असतं. पण हँडल बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मी डावखुरी, गळाची काठी डाव्या हातात धरते, म्हणून बाबांनी ते उजवीकडे बसवलं होतं. लग्न होऊन मी इथे आले तरी ते तसंच होतं. तुझ्यासाठी त्यांनी ते डावीकडे केलं आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही. वर फोनवर मलाच ऐकवतात, ‘जावयाचा हात काय छान बसलाय!’ माझा हात कसा होता, ते विचार की त्यांना.

हँडल मी परत उजवीकडे केलंय. आमिषाच्या रबरी अळ्यांची डबीही नेतेय, शोधत बसू नकोस.

प्लंबर आला की त्याला बाथरूमचा नळ दाखव. पिल्लू उठलं की दूध कोमट करून दे. तेल सापडलं तसं दूधही सापडेल तुला.

खाली हॉर्न वाजतोय. बाबा तुझ्यासाठी वाजवतायत. उतरतेय मी.