जुनी तोमाकी, नवी तोमाकी आणि माझी माफी

शनवारा, बुऱ्हाणपूर
वैशाख, भर दुपार

तीर्थस्वरूप मोठी माय यांच्या चरणी जावई प्रशांतचा दंडवत. सोबत तुमच्या त्या सांजोऱ्यांनाही एक नमस्कार, ज्या माझ्यामुळे खालच्या आळीने खाल्ल्या.

तुमचे गुडघे कसे आहेत? अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तुमच्या अखाजीला, गाऊन गाऊन घसा बसला होता, तो उघडला का? परवाच्या वावटळीत मळ्यातली केळी उभी राहिली की आडवी झाली, तेही कळवावे. मी बरा आहे, म्हणजे वेळेवर जेवतो आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान रोज उघडतो. फोन करण्याऐवजी पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोन केला होता. दर वेळी एक ओळखीचा आवाज "राँग नंबर" म्हणून ठेवून देतो. तुमची पुतणी म्हणजे माझी बायको भूमिका हिचा आवाज मला लग्नाआधीपासून पाठ आहे, त्यामुळे नंबर बरोबर लागला याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अखाजीला नाल्यावर जे झालं ते तुम्ही वरच्या आळीच्या सगळ्यांत पुढे उभ्या राहून पाहिलंत. पण तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसणार, आणि ते सांगायला मला जपानपासून सुरुवात करावी लागेल. (थोडं सबुरीनं घ्या, तुमचं फोपनार गाव येतंच आहे.) तिकडे चित्रांच्या मालिका काढतात. आमच्या गोटूसमोर त्यांना कार्टून म्हटलं तर तो दोन दिवस बोलत नाही. हा गोटू कॉलेजात कमी आणि माझ्या दुकानात जास्त असतो, आणि आमच्या बुऱ्हाणपूर-नेपानगर ॲनिमे मंडळाचा तो संस्थापक. तर अशा एका मालिकेत तोमाकी नावाची मुलगी आहे. शहर बुडालेलं, ही नाव वल्हवत लोकांना पुरातून काढते, आणि काढता काढता त्यांचा असा उद्धार करते की वाचलेल्या माणसाला वाटावं, बुडालो असतो तर बरं. आभार मानायला कुणी आला तर लाथ घालते. मी शाळेत असताना ही मालिका हिंदीत लागायची. आम्ही पेपर मिलच्या कॉलनीतली मुलं, घरात सगळे एकमेकांना अहो-जाहो करणारे, वडील मांजरालासुद्धा "बाजूला व्हा" म्हणायचे. त्यामुळे तोमाकी मला फार आवडायची आणि तिची तितकीच भीती वाटायची.

आता त्याच गोष्टीचे नव्याने सिनेमे निघाले. त्यांत तोमाकी बदलली. हळू बोलते, डोळे खाली घालते, आणि शेवटी आपली नाव नायकाच्या हाती देऊन, आजवर ज्यांना ज्यांना बोलली त्या सगळ्यांची एकेक करून माफी मागते. झालं, मंडळ फुटलं. मावा जिलेबीच्या दुकानात पूर्वी आम्ही एका टेबलाला बसायचो, ते जुनीवाले आणि नवीवाले असे दोन टेबलांना बसू लागलो. जिलेबीवाला दोन्हीकडे खूश. गोटू जुनीवाला. सिनेमा पाहून आला आणि म्हणाला, "भैया, ये तोमाकी थोडी है, ये तो किसी की बहू बना दी." मी नवीवाला. नुसता नाही, पुढारी. नव्या तोमाकीचं चित्र असलेली मोबाईल कव्हरं मी दुकानात टांगली होती. (ती अजून टांगलेलीच आहेत.) त्या माफीच्या प्रसंगाला थेटरात माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी अभिमानाने सांगत फिरत होतो.

मंडळाच्या मोबाईलवरच्या ग्रुपात सगळे टोपणनावाने लिहितात. मी शांतिदूत. आणि जुनीवाल्यांत कुणी एक होता, तवा गरम. मी एखादा सुविचारी परिच्छेद लिहावा आणि या तवा गरमने त्यावर एका ओळीत पाणी ओतावं, असं कित्येक महिने चाललं होतं. एकदा मी लिहिलं की नायिकेत थोडं मार्दव हवं. उत्तर आलं, "मऊ पाहिजे तर शिरा खा." मंडळ आठवडाभर हसत होतं. मी चिडायचो, पण गिऱ्हाईकाचा मोबाईल उघडा टाकून आधी तवा गरमने काय लिहिलं ते बघायचो, हेही खरं. अशाच एका दुपारी वादात हरत आलो असताना मी लिहून गेलो, की ज्याच्या घरात जुनी तोमाकी नांदते आहे, त्याला निदान पडद्यावर तरी नवी बघू द्या. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते स्वतःच पुढे चार जणांना पाठवलं.

आता फोपनार. कॉलनीत आमची अखाजी म्हणजे आमरस आणि झोप. तुमच्याकडचा बार, म्हणजे दोन आळ्यांचा हा सामना, मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाल्याच्या अलीकडे वरच्या आळीच्या लेकी-सुना, पलीकडे खालच्या आळीच्या, मध्ये हलगी, आणि दोन्हीकडून गाण्यांत शिव्या. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही. (सांगितलं असावं, मी पुरणपोळी खात होतो.) माहेरवाशिणी एकमेकींच्या सासू, नवरे, दीर, म्हशी, सगळ्यांचा पंचनामा करत होत्या आणि सगळ्यांचे चेहरे फुललेले. इतक्यात खालच्या आळीच्या सुलभाताईंनी मला हेरलं आणि सूर लावला:

आला जवाई कागदाचा, बाई कागदाचा,
पानी पडलं, लगदा झाला, बाई लगदा झाला!

पेपर मिलच्या माणसाला याहून नेमकं कुणी काही बोललेलं नाही. मी कौतुकाने मान डोलावली. पुढे त्यांनी लावलं की वरच्या आळीच्या लेकीची जीभच अशी तिखट, की तिच्यासमोर नवरा भिजणार नाही तर काय. तेव्हा तुम्ही भूमिकेला पुढे ढकललंत. तिने पदर खोचला, हात नाचवला आणि गायली:

आमची जीभ तिखट, बाई तिखटच राहीन,
ज्याला पाहिजे मऊ, त्यानं शिरा खावा, बाई शिरा खावा!

मोठी माय, आख्खी आळी टाळ्या पिटत होती आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तवा गरम माझ्याच घरात पोळ्या लाटत होता. म्हणजे ती नांदणाऱ्या जुन्या तोमाकीची ओळ तिने वाचली होती. महिनोन्महिने सगळं वाचत होती आणि रात्री मला वरण वाढत होती. कॉलनीत आम्हाला एकच गोष्ट चांगली शिकवली आहे. मी हलगीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, हात जोडले आणि साऱ्या नाल्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "भूमिका, माझं चुकलं. मला माफ कर."

हलगी थांबली. पलीकडच्या बाया अशा काही नाचू लागल्या की मला वाटलं, माझी माफी त्यांना फारच आवडली. बारात ज्या बाजूचं माणूस माफी मागतं ती बाजू हरते, हे मला तुमच्या आळीतल्या लोटूकाकांनी नंतर सांगितलं. इतकी वर्षं तुम्ही वरची आळी हरू दिली नव्हती. आणि तुमच्या घरच्या सांजोऱ्या जिंकलेल्या आळीला द्यायच्या असतात, हेही नंतरच कळलं, तोवर मी त्यातल्या दोन खाऊन बसलो होतो.

संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा भूमिका ओसरीवरून उठली नाही. मी तिथेही माफी मागायच्या बेतात होतो. तेव्हा ती जे बोलली ते तुम्ही आत होतात म्हणून लिहितो. म्हणाली, "माफी कायले मांगली तुमी? इतके महिने भांडत होतो, मले किती मजा येत होती. शांतिदूत तुमीच हे मले पैल्या दिवशीच समजलं होतं. मी खेळत होती. तुमी चारचौघात माफी मांगली अन् मले खरीखुरी कजाग करून ठेवलं."

तेव्हापासून ती तिकडे आहे आणि मी इकडे. घरी येऊन मी तो सिनेमा पुन्हा लावला. माफीचा प्रसंग आला, आणि हात जोडलेल्या तोमाकीच्या जागी मला नाल्यावर उभा असलेला मीच दिसलो. तसाच ओला चेहरा. ती माफी मागते तेव्हा समोरच्या माणसांचे चेहरे कसे पडतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना तिची शिवी हवी होती. मी तडक ग्रुपात जाहीर केलं की आजपासून मी जुनीवाला. नवीवाल्यांनी गद्दार म्हणून काढलं. जुनीवाले म्हणाले, हा रडका आम्हाला नको. सध्या जिलेबीच्या दुकानात मी उभ्याने खातो.

भूमिकेला परत पाठवा असं मी म्हणणार नाही, लेकीला हवं तितकं माहेरपण मिळावं. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीलाही काय ते सांगा.

आपला आज्ञाधारक आणि लगदा झालेला,
प्रशांत

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमच्याइतकं झणझणीत फोपनारात कुणाला जुळवता येत नाही. तर माझ्या बायकोवर गाता येईल अशी एक चांगली कडक शिवी मला रचून पाठवावी. मी स्वतः प्रयत्न केला. "भूमिका, तू जरा उद्धट आहेस" याच्या पुढे माझी गाडी जात नाही, आणि हे कुठल्याच चालीत बसत नाही.

ता. क. दुसरा : अखाजीनंतर तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे, हे मला लोटूकाकांकडून कळलं आहे. तेव्हा हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवतं आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. मोठी माय, तुम्ही आता जरा आत जाऊन चहा टाका.

ऐक. घर फार सभ्य झालं आहे. कुणी मला काही म्हणत नाही. मला करमत नाही, भूमिका, अजिबात करमत नाही. ये आणि भांड. शांतिदूत मेला. आणि माफी मी मागत नाही, मागणार नाही. चूक तुझीच आहे, कजाग बाई, एवढं मात्र मोठ्याने वाच.