मिरचीचं रक्त

३ मार्च, सोमवार

नवं मशीन आलं. घोड्याच्या रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, दहा मिनिटांत आकडा हजर. छातीत जंतू शिरले असतील तर रक्तातलं एक प्रथिन बघता बघता शेकड्यांवर जातं. नुसता धुळीचा खोकला असेल तर आकडा विसाच्या आत. रायडिंग स्कूलच्या मालकीणबाईंना हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, छान. मग घड्याळाकडे बघितलं. बहुधा भारावल्या.

संकल्प: आजपासून अंदाजपंचे निदान बंद. आधी रक्त, मग औषध.

४ मार्च

मिरची खोकतेय. मिरची म्हणजे आमची तांबडी घोडी. मोतद्दाराने तिला शिंगरू असल्यापासून वाढवलंय, त्यामुळे ती जरा फुरफुरली तरी हा माझ्या दाराशी. म्हणाला, अर्धा दाणा तसाच ठेवलाय, नाकातून घट्ट पांढरं येतंय. मी म्हटलं, गवत धुळकट आहे, दुसरं काही नाही. पण आता मशीन आहे, उद्या रक्त काढून खात्री करू. त्याला बराच धीर आलेला दिसला. विज्ञानाचा हा फायदा.

५ मार्च, सकाळी ११

रोजनिशीत खोटं लिहू नये म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी मिरची मला चावली होती. दंडाला. सात टाके. तेव्हापासून मी तिच्या ठाणात पाऊल टाकत नाही. ही भीती नव्हे. व्यावसायिक अंतर.

मोतद्दाराला गरम पाणी आणायला पाठवलं. गरम पाण्याचं काही काम नव्हतं. सुई घेऊन दाराशी उभा राहिलो. तिने कान मागे टाकले. मी पण मागे सरलो.

शेजारच्या ठाणात आजोबा. आमचा पांढरा म्हातारा घोडा, इतका गरीब की सुई टोचली तर आभार मानेल. विचार केला, दोघं एकाच छपराखाली राहतात, एकच गवत खातात, एकाच हवेत श्वास घेतात. रक्तात असा कितीसा फरक असणार? शिवाय धूळच आहे हे मला माहीतच होतं. मशीनचं काम फक्त शिक्का मारायचं.

नळीवर मिरचीचं नाव घातलं.

११.४०. आकडा: पाच. म्हटलं होतं ना. मोतद्दाराला सांगितलं, गवत भिजवून घाल. त्याने विचारलं, एकट्यानेच काढलंत? मी म्हटलं, त्यात काय एवढं.

६ मार्च

मासिकासाठी लेख लिहायला घेतला. 'रक्ततपासणी: अनुभवाचे बोल.' पहिलं वाक्य झकास जमलं: प्रामाणिक नमुना हाच अचूक निदानाचा पाया. दोनदा वाचलं. मग खोडलं. लेख पुढच्या आठवड्यात.

जेवताना ही म्हणाली, आज गप्प का. मी म्हटलं, डोक्यात संशोधन चालू आहे. तिने भाजी वाढली.

७ मार्च, संध्याकाळ

मिरचीला ताप. श्वास भरभर चाललाय, नाकपुड्या फुगतात. मोतद्दार म्हणाला, रक्त पुन्हा बघायचं का. मी म्हटलं, मशीनवर विश्वास ठेव. तो म्हणाला, मशीनचं मला काय कळतंय, माझा विश्वास तुमच्यावर आहे.

हे त्याने म्हणायला नको होतं.

संकल्प: उद्या सकाळी सातला मिरचीच्या ठाणात जाणार. खरं रक्त काढणार. काही झालं तरी.

८ मार्च

गेलो नाही. पोट बिघडलं. खरंच बिघडलं होतं, थोडंसं.

फोनवर मोतद्दार म्हणाला, ती आता दाण्याकडे बघतसुद्धा नाही, पण तुम्ही विश्रांती घ्या, उगाच धावपळ करू नका. फोन ठेवला आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. हिने विचारलं, एवढं खाल्लंत तरी काय. शेण, असं अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं, काल जरा जास्त झालं.

मी बावीस वर्षं घोड्यांचा डॉक्टर आहे. लाज वाटते. लिहून टाकलं, पण वाटायची थांबत नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी साडेसहाला गेलो. मिरची मान खाली घालून उभी. मोतद्दाराला सगळं सांगितलं. आजोबाचं रक्त, मिरचीचं नाव. वाक्य नीट जुळवून नेलं होतं, त्यात 'तांत्रिक अडचण' असा शब्दही होता. प्रत्यक्षात तो आठवलाच नाही. सरळ सांगून बसलो.

 त्याने आत जाऊन तिच्या तोंडावरची मोरखी धरली आणि म्हणाला, घ्या.

सुई टोचली. तिने कानसुद्धा हलवला नाही. अंगात ताकदच नव्हती तिच्या. तीन वर्षं मी जिला घाबरलो, ती हीच का, असं वाटून डोळे भरून आले. आकडा: बाराशे चाळीस.

लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. मोठ्या इस्पितळातल्या वरिष्ठ डॉक्टरांना बोलावलं. छाती तपासून त्यांनी विचारलं, चार दिवस काय करत होतात. मी म्हटलं, नमुन्यात गडबड झाली. झाली म्हणे. आपोआपच झाली जशी.

१४ मार्च

आकडा तीनशे दहा. ताप उतरला. मूठभर दाणा खाल्ला. मोतद्दार पाच रात्री तिच्या ठाणाबाहेरच झोपला. माझ्याशी कामापुरतं बोलतो. बरोबर आहे त्याचं.

२१ मार्च

आकडा अठरा. मिरची वाचली. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, जगेल, पण फुप्फुसाला इजा झाली आहे, आता हिला कधी पळवू नका. चार दिवस आधी औषध मिळतं तर वेगळं झालं असतं. मोतद्दार ऐकत होता.

संकल्प: मालकीणबाईंना खरं सांगणार. उद्याच.

२२ मार्च

मालकीणबाईंनीच सगळ्यांना अंगणात जमवलं. म्हणाल्या, डॉक्टरांनी मशीन आणलं म्हणून आजार पकडता आला, घोडी वाचली. टाळ्या. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, माझं कर्तव्यच होतं ते.

टाळ्या संपल्यावर मोतद्दाराकडे गेलो, शिव्या खायची तयारी ठेवून. तो मिरचीला खरारा करत होता. वर न बघता म्हणाला, तुम्ही तिला घाबरता हे मला माहीत आहे, सगळ्या तबेल्याला माहीत आहे. म्हणून त्या दिवशी तुम्ही एकट्याने तिचं रक्त काढलंत म्हटल्यावर तुमचं फार कौतुक वाटलं होतं. घरी बायकोलाही सांगितलं होतं.

मग खरारा थांबवून म्हणाला, नुसतं सांगितलं असतंत, तर मी धरली असती.

आणि पुन्हा खरारा करू लागला.